ओरॅकल पार्क बघायचंय ना, मग एप्रिलमध्ये जा (जायंट्सच्या सुरुवातीच्या मॅचेस, रेडिओ आणि थंडीसकट रिव्ह्यू)

बे एरियातली आपली बरीच मंडळी ओरॅकल पार्कला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बेसबॉल स्टेडियमला, जातात ती जुलै-ऑगस्टमध्ये, ऑफिसच्या आउटिंगला, कंपनीने दिलेल्या तिकिटावर. गार्लिक फ्राइज खातात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि नऊपैकी पाचव्या इनिंगला "फार स्लो आहे हो हा गेम" म्हणत पार्किंगकडे निघतात. आता त्यांना तरी काय बोलणार, पंगतीला ताकाच्या वेळी येऊन बसलं तर जेवण कसं होतं ते कसं कळणार! म्हणून हा रिव्ह्यू खास त्यांच्यासाठी लिहितेय, आणि जे नवीन आलेत, क्रिकेटवर वाढलेत आणि बेसबॉलला एक चान्स द्यावा का असा विचार करतायत त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकते. स्टेडियमला पाचपैकी साडेचार, रेडिओ कॉमेंट्रीला पाचपैकी पाच, खाण्याला तीन. आणि हे सगळं एप्रिलसाठी, सीझनची पहिली मॅच सुरू झाल्यापासून टीमच्या मागे राहणाऱ्यासाठी.

एप्रिलच का, तर आधी हिशोब बघा. एका टीमच्या सीझनमध्ये १६२ मॅचेस असतात, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. मार्चच्या शेवटी सुरू होतं ते सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज मॅच. त्यामुळे लोक म्हणतात की एप्रिलमधल्या मॅचला काय अर्थ आहे, अजून खूप पुढे जायचंय. मला हे अजिबात पटत नाही. २०२१ साली जायंट्सनी १०७ मॅच जिंकल्या आणि आपल्याच डिव्हिजनमधल्या, म्हणजे गटातल्या, लॉस एंजेलिस डॉजर्सनी १०६. एका मॅचच्या फरकाने डिव्हिजन आपली झाली. ती एक मॅच कुठली हे कोण सांगणार? सप्टेंबरमधली म्हणा की एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारची म्हणा, टेबलमध्ये दोन्हींची किंमत एकच. आणि उलटंही बघा, २०२५ ला टीम ८१ जिंकली, ८१ हरली, आणि शेवटचं प्लेऑफचं तिकीट सिनसिनाटी रेड्सना मिळालं ८३ विजयांवर. दोन मॅचेस फक्त! त्यामुळे एप्रिलमध्ये माझा जीव जितका टांगणीला लागतो तितका बाकीच्यांचा सप्टेंबरमध्ये लागत असेल, आणि मला ते बरोबरच वाटतं.

आता २०२५ चा एप्रिल कसा होता ते ऐका, कारण मी हे सगळं का म्हणतेय ते त्याशिवाय समजणार नाही. त्या वर्षी नवीन काय काय होतं! बस्टर पोझी, ज्याने २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तिन्ही वर्ल्ड सिरीज (सीझनच्या शेवटची फायनल) जिंकताना विकेटकीपरच्या जागी म्हणजे कॅचर म्हणून खेळलेलं, तो आता टीमचा कारभार बघत होता. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (पळताना थांबायच्या ठिकाणांच्या) मधल्या फील्डरच्या जागी, विली अडामेस सात वर्षांच्या करारावर आलेला, १८२ मिलियन डॉलर. आणि बेचाळिशीतला पिचर (आपल्याकडचा बोलर) जस्टिन व्हरलँडर, जो एक ना एक दिवस बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये जाणारच, तो एका वर्षासाठी. तरी सीझनच्या आधी कुणाला फार अपेक्षा नव्हत्या. २७ मार्चला सिनसिनाटीत पहिली मॅच, शेवटच्या इनिंगपर्यंत आपण मागे, आणि विल्मर फ्लोरेसने नवव्या इनिंगमध्ये तीन रनचा होम रन (थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्ससारखा) मारला, ६-४. मग ह्युस्टनला जाऊन तिन्ही जिंकले. मग घरी पहिली मॅच ४ एप्रिलला सिएटलशी, ती अकरा इनिंग चालली आणि १०-९ ने जिंकली, शेवटचा फटका परत फ्लोरेसचाच. ती सिरीज पण तीनपैकी तीन. नऊ मॅच झाल्या तेव्हा रेकॉर्ड ८-१! दोन आठवड्यांपूर्वी ज्या टीमबद्दल कुणी धड बोलत नव्हतं त्या टीमच्या टोप्या कॅलट्रेनमध्ये एकदम दिसायला लागल्या.

फ्लोरेसबद्दल थोडं सांगायलाच हवं. व्हेनेझुएलाचा आहे तो, 'फ्रेंड्स' ही अमेरिकन टीव्ही मालिका बघत बघत इंग्रजी शिकला आणि बॅटिंगला येताना त्याच मालिकेचं टायटल साँग स्टेडियममध्ये वाजायचं, अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवायचं. पळायला हळू, दिसायला साधा, पण रनर बेसवर असले की याला बाद करणं अवघड. असे खेळाडू हायलाइट्समध्ये कळत नाहीत. रोज मॅच बघितली किंवा ऐकली की दहा-बारा दिवसांत तुम्हाला आपोआप कळायला लागतं की आता हा आलाय म्हणजे काहीतरी होणार. आणि हे कळायला लागलं की "स्लो आहे" वगैरे सगळं विसरायला होतं.

९ एप्रिलची मॅच तर मी जन्मात विसरणार नाही. बुधवार, दुपारची मॅच, रेड्सविरुद्ध, आधीच्या दोन मॅचेस आपण हरलेलो, आणि त्या दिवशीही ०-५ ने मागे. मी ऑफिसात, एका कानात रेडिओ. हळूहळू एकेक करत बरोबरी झाली, मॅच दहाव्या इनिंगमध्ये गेली आणि माइक यस्ट्रेम्स्कीने बॉल थेट राइट फील्डच्या (मैदानाच्या उजवीकडच्या) भिंतीवरून मॅकोवी कोव्हच्या, म्हणजे स्टेडियमला लागून असलेल्या खाडीच्या, पाण्यात मारला. ८-६. मी मीटिंगला जायच्या ऐवजी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि तिथल्या तिथे उड्या मारत होते. यस्ट्रेम्स्की हे नाव बॉस्टनवाल्यांना माहीत असतं, याचे आजोबा कार्ल रेड सॉक्सचे फार मोठे खेळाडू होते, हॉल ऑफ फेममधले. नातू मात्र बरीच वर्षं खालच्या लीग्जमध्ये घासून वर आला आणि तिशीच्या जवळ असताना पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये खेळला. तो जुलैच्या शेवटी कॅन्सस सिटीला गेला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटण्याचं कारण ती एप्रिलची दुपार.

बरं, स्टेडियमकडे येते. २००० साली उघडलं, तेव्हा नाव पॅसिफिक बेल पार्क होतं, मग कंपन्या बदलत गेल्या तशी नावं बदलली, २०१९ पासून ओरॅकल पार्क. त्याच्या आधी टीम कँडलस्टिक पार्कला खेळायची, तिथला वारा आणि थंडी याबद्दल जुने लोक अजून बोलतात. हे नवं स्टेडियम खाजगी पैशातून बांधलं, सरकारी पैसा घेऊन स्टेडियम बांधायची तेव्हा सगळीकडे पद्धत असताना, आणि डाउनटाउनच्या जवळच, पाण्याला लागून. जागा कमी असल्यामुळे राइट फील्ड तोकडं झालं, होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) कोपऱ्यापर्यंत फक्त ३०९ फूट, म्हणून तिथे विटांची उंच भिंत उभी केली, २४ फुटांची. हा २४ आकडा जायंट्सच्या महान खेळाडूच्या, विली मेजच्या जर्सीचा. बाहेर त्याचा पुतळा आहे, त्याच्याभोवती ताडाची २४ झाडं आहेत, आणि स्टेडियमचा पत्ता पण २४ विली मेज प्लाझा. मेज जून २०२४ मध्ये गेले. तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा घाईने गेटमधून आत न जाता पाच मिनिटं त्या पुतळ्यापाशी थांबा, तिथे आजोबा लोक आपल्या नातवंडांना मेजबद्दल सांगत असतात, ते ऐकण्यासारखं असतं.

त्या भिंतीमागे चालायचा रस्ता आणि त्याच्या लगेच पलीकडे पाणी. होम रन थेट पाण्यात पडला तर त्याला स्प्लॅश हिट म्हणतात आणि फक्त जायंट्सचेच मोजतात, समोरच्या टीमने मारलेला त्यात धरत नाहीत. जायंट्सच्या एकट्या बॅरी बाँड्सचे ३५ आहेत. पाण्यात लोक कयाक घेऊन बॉलची वाट बघत बसलेले असतात, एप्रिलच्या गार वाऱ्यात सुद्धा. राइट फील्ड आणि मध्य यांच्या मधे मैदान एकदम खोल जातं, पूर्वी ४२१ फूट होतं, २०२० मध्ये बुलपेन (राखीव पिचर तयारी करतात त्या जागा) आत आणले तेव्हा ४१५ झालं. इथे बॉल गेला की पळणाऱ्याची मजा, सरळ तिसऱ्या बेसपर्यंत. क्रिकेटवाल्यांना हे लगेच आवडतं कारण आपल्याकडे पण प्रत्येक ग्राउंडची बाउंड्री वेगळी असते, एका बाजूला छोटी असली की बॅट्समन तिकडेच मारतो, बोलर तिकडे मारू देत नाही, तसाच सगळा खेळ इथे चालतो.

सीट कुठली घ्यायची, तर माझं ठाम मत आहे की पहिल्यांदा जात असाल तर वरच्या मजल्यावरची घ्या, व्ह्यू लेव्हल म्हणतात ती, होम प्लेटच्या मागच्या बाजूची. स्वस्त असते, अख्खं मैदान दिसतं, फील्डर कुठे उभे आहेत ते दिसतं, आणि समोर खाडी आणि बे ब्रिज. खालच्या महागड्या सीटवरून पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, जवळून दिसतो हे खरं, पण आउटफील्डमध्ये काय चाललंय ते नवशिक्याला तिथून समजत नाही. आउटफील्डच्या ब्लीचर्समध्ये दंगा जास्त असतो, तरुण पोरांना तिथे आवडेल. २०२५ मध्ये ली जंग-हूसाठी सेक्शन १४२ मध्ये खास सेक्शन केलेला. ली हा कोरियाचा आउटफील्डर, त्याचे वडील तिकडचे इतके मोठे खेळाडू की त्यांना वाऱ्याचा मुलगा म्हणायचे, म्हणून हा वाऱ्याचा नातू. २०२४ मध्ये याच मैदानाच्या भिंतीला धडकून त्याचा खांदा गेला आणि पहिलाच सीझन मे महिन्यात संपला. तो २०२५ च्या सीझनला परत आला आणि न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये १३ एप्रिलला एकाच मॅचमध्ये दोन होम रन, ५-४ ने मॅच काढली. त्यानंतर आगीच्या ज्वाळांसारख्या टोप्या घातलेले त्याचे फॅन सगळीकडे दिसायला लागले, त्यात कोरियन आजी-आजोबा पण असायचे, हातात कोरियन भाषेतले बोर्ड घेऊन. मला ते बघून फार छान वाटायचं. या टीमची ती परंपराच आहे, १९६४ साली मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला जपानी खेळाडू मासानोरी मुराकामी पण जायंट्सचाच.

थंडीबद्दल नीट वाचा कारण नव्वद टक्के तक्रारी याच्याच असतात. तुम्ही सनीवेल किंवा फ्रीमाँटहून दुपारी चारला निघता तेव्हा अंगात टीशर्ट असतो आणि ऊन असतं. संध्याकाळच्या मॅचला सूर्य गेला की पाण्यावरून वारा सुरू होतो आणि सातव्या इनिंगपर्यंत दात वाजायला लागतात. स्वेटर, त्याच्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि मांडीवर घ्यायला एक पातळ शाल किंवा ब्लँकेट, एवढं न्याच. आईला किंवा सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर पायमोजे विसरू नका. आणि हे फक्त एप्रिलचं आहे असं समजू नका, सॅन फ्रान्सिस्कोत जुलैची रात्र पण अशीच असते, फरक एवढाच की जुलैमध्ये लोक बेसावध जातात. ज्यांना थंडी अजिबात सहन होत नाही त्यांनी दुपारची मॅच घ्यावी, आठवड्याच्या मधली दुपारची मॅच एप्रिलमध्ये मिळतेच मिळते.

खाणं. गार्लिक फ्राइज एकदा खायच्याच, लसूण गिलरॉयचा, इथून दक्षिणेला तासा-सव्वा तासावरचं गाव, लसणासाठीच प्रसिद्ध. आपल्याला लसणाचं काय कौतुक म्हणाल, पण गरम गरम कागदी ट्रे हातात आला आणि थंडी वाजत असली की भारीच लागतात. खेकड्याचं सँडविच प्रसिद्ध आहे, आमच्या घरातले मासे खाणारे त्याच्यावर खूश असतात. शाकाहारी लोकांना पर्याय आहेत पण थोडे, आणि किमती सगळ्याच अमेरिकन स्टेडियमसारख्या भरमसाट, म्हणून तीन मार्क. पण एक फार चांगली गोष्ट म्हणजे घरून खाणं आत नेता येतं. आम्ही मेथीचे पराठे फॉइलमध्ये गुंडाळून नेतो, सोबत चटणी, शेंगदाण्याचा लाडू. शेजारची बाई हमखास विचारते काय आहे म्हणून, एक तुकडा दिला की पुढच्या नऊ इनिंग मैत्री. बॅगच्या साइजचे नियम असतात, ते मात्र निघायच्या आधी टीमच्या साइटवर बघून घ्या.

तिकिटाचं गणित समजून घेतलं तर पैसे वाचतात. मॅचप्रमाणे तिकिटाची किंमत बदलायची पद्धत बेसबॉलमध्ये याच टीमने सुरू केली, २००९ ला थोड्या सीट्सवर ट्रायल आणि २०१० पासून सगळ्या सीट्सवर. समोरची टीम कोण, वार कुठला, पिचर कोण, हवा कशी, यावर भाव वरखाली होतो. डॉजर्स आले की विचारायलाच नको. पण एप्रिलमधला सोमवार-मंगळवार, समोर फार नाव नसलेली टीम, शाळा चालू, थंडी, म्हणजे गर्दी कमी आणि भाव खाली. त्याच पैशात दोन-तीन मॅचेस होतात, आणि रिकाम्या जागा असल्या की लहान मुलांना मोकळं बसता येतं. तिकीट फोनवरच असतं, तर फोन चार्ज करून न्या, चारजणांची तिकिटं एकाच फोनवर असली आणि तो बंद पडला तर गेटवर उभं राहावं लागेल.

गाडीने जाऊ नका. आम्ही एकदा गेलो होतो, जवळच्या एका खाजगी लॉटमध्ये बोर्डावर एक भाव आणि पैसे घेताना इव्हेंटच्या नावाखाली दुसराच भाव, आणि मॅच संपल्यावर तिथून बाहेर पडायला इतका वेळ लागला की पोरं मागच्या सीटवर झोपून गेली. कॅलट्रेनने जा. फोर्थ अँड किंग स्टेशनला उतरलात की थोडं चाललं की स्टेडियम. सप्टेंबर २०२४ पासून विजेवरच्या गाड्या आल्यात, शांत, स्वच्छ आणि आधीच्या डिझेलपेक्षा फास्ट, आणि मॅचच्या दिवशी डब्यात सगळे नारिंगी-काळ्या कपड्यांत, जाताना अंदाज आणि येताना चर्चा. फ्रीमाँटकडच्यांनी बार्ट ट्रेनने येऊन एम्बार्काडेरोला मुनी (शहरातली ट्राम) घ्यावी, वारा नसेल तर तिथून पाण्याच्या कडेने चालत या, मस्त रस्ता आहे. जादा इनिंग झाल्या तर शेवटची गाडी किती वाजता ते मात्र आधीच बघून ठेवा.

आता रेडिओ, माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. रोजच्या रोज मॅच बघायला कुणाला वेळ आहे? स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सगळं असतंच. पण ऐकता येते. केएनबीआर ६८०, एएम रेडिओ, ५०,००० वॅटचं स्टेशन, रात्री तर कुठल्या कुठे ऐकू येतं. जॉन मिलर १९९७ पासून जायंट्सची कॉमेंट्री करतायत, २०१० मध्ये त्यांना हॉल ऑफ फेमचा ब्रॉडकास्टर्सचा पुरस्कार मिळाला. होम रन गेला की त्यांचं "आदिओस, पेलोता!" ऐकायला मी भांडी घासता घासता नळ बंद करते. आवाजात अजिबात आरडाओरडा नाही, दोन बॉलच्या मधल्या वेळात एखादी जुनी आठवण सांगतात, हवा कशी आहे, पिचर काय करतोय, फील्डर कुठे सरकले. मैदान डोळ्यांपुढे उभं राहतं. ज्यांच्या घरी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं समालोचन लागायचं त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. टीव्हीवर ड्वेन कायपर आणि माइक क्रुको पण उत्तम आहेत, दोघेही याच टीमचे जुने खेळाडू, पण मला विचाराल तर टीम मनात बसते ती रेडिओमुळे. मार्चच्या शेवटापासून रोज संध्याकाळी ऐकायला लागा, एप्रिल संपेपर्यंत अख्ख्या टीमची नावं, सवयी, कोण फॉर्मात, कोण नाही, सगळं पाठ.

माझे बाबा पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना मी रेडिओच लावून दिला आधी. पहिले चार दिवस नुसते ऐकत बसले, मधेच विचारायचे की हा बंट म्हणजे काय, वॉक का दिला. मग म्हणाले चल बघू तरी. २७ एप्रिल, रविवार दुपार, टेक्सास रेंजर्सशी मॅच. बाबांनी घरून छोटा ट्रान्झिस्टर आणलेला, खरा बॅटरीवरचा. यात एक टीप आहे बघा, फोनच्या अ‍ॅपवर कॉमेंट्री मागे राहते, समोर बॉल मारून झालेला असतो आणि कानात अजून पिचर हात फिरवतोय, पण साध्या एएम ट्रान्झिस्टरवर जवळपास त्याच क्षणी ऐकू येतं. तर बाबांच्या कानात कॉमेंट्री आणि डोळ्यासमोर मॅच. स्कोअर २-२, नववी इनिंग, हेलियट रामोस बॅटिंगला. त्याने एक मरतुकडा बॉल मारला, पिचरने उचलून फर्स्ट बेसला फेकला तो भलतीकडेच, रामोस दुसऱ्या बेसच्या पुढे पळाला, मग फर्स्ट बेसवाल्याने तिसऱ्या बेसला फेकला तो पण हुकला, आणि रामोस पळतच सुटला, सरळ होम प्लेट! ३-२, मॅच संपली. आजूबाजूचे लोक काय झालं काय झालं करत होते, आणि बाबा उभे राहून जोरात ओरडले, "ओव्हरथ्रो! ओव्हरथ्रोच्या रन पळाल्या रे!" पुढच्या ओळीतल्या अनोळखी गृहस्थांनी मागे वळून त्यांना टाळी दिली. घरी येताना गाडीत बाबा मला समजावत होते की फील्डिंग टीमने बॅकअपला माणूस कुठे उभा करायला हवा होता.

क्रिकेटवाल्यांना अजून दोन-तीन गोष्टी सांगते म्हणजे जड जाणार नाही. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद, रनर असतील तर आता १८, त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या वर जाणारी मॅच आता अडीच-पावणेतीन तासांत होते. "स्लो" म्हणणाऱ्यांचा अनुभव बहुतेक वेळा त्याच्या आधीचा असतो. दुसरं, बरोबरी झाली तर दहाव्या इनिंगपासून प्रत्येक टीमला सेकंड बेसवर एक रनर आयता मिळतो, हा नियम जुन्या फॅन्सना आवडत नाही, मलाही फारसा आवडत नाही, पण त्यामुळे मॅच लवकर निकालात निघते हे मान्य करायला हवं. तिसरं म्हणजे बॉलकडे बघण्यापेक्षा पिचर आणि कॅचरकडे बघा. लोगन वेब पिचिंगला असेल तेव्हा तर मुद्दाम जा, याचे बॉल खाली बुडतात आणि बॅटर ते जमिनीवरच मारत राहतात, फार आरडाओरडा नसतो, पण एकामागून एक साधे ग्राउंड बॉल आणि इनिंग संपली. आपल्याकडे एखादा स्पिनर एका बाजूने टाईट टाकत राहतो ते बघायला ज्यांना आवडतं त्यांना वेब आवडणारच. कोणत्या दिवशी कोण पिचिंग करणार ते टीम काही दिवस आधी सांगते, तिकीट घेताना ते बघून घ्या.

ओकलंडची टीम होती तेव्हा बे एरियात दोन पर्याय होते, पण एज (ओकलंड अ‍ॅथलेटिक्स) २०२४ च्या सीझननंतर तिथून गेले, सध्या सॅक्रामेंटोला खेळतात. ओकलंड कोलिसियमवर २०२५ च्या जूनमध्ये मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेस झाल्या, आपले बरेच लोक गेले, आम्ही पण गेलो. मला क्रिकेट बघून आनंद झाला आणि ओकलंडच्या फॅन्सबद्दल पोटात तुटलं पण, इतकी वर्षं ज्या मैदानावर पोरांना घेऊन गेले तिथली टीमच उठून गेली. सॅन फ्रान्सिस्कोत आपली टीम आहे तोवर तिच्या मागे उभं राहिलं पाहिजे असं मला तेव्हापासून जास्तच वाटायला लागलं.

स्टेडियमचा अर्धा मार्क कशासाठी कापला ते सांगायचं राहिलं. वरच्या मजल्याच्या जिन्यांचा चढ फार आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना जड जातं. लिफ्ट आणि रॅम्प आहेत पण ते कुठे आहेत ते आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना विचारा, ते नीट सांगतात. आणि शेवटच्या इनिंगांमध्ये सीगल पक्षी थव्याने येतात, सांडलेले फ्राइज उचलायला, लहान मुलांच्या हातातलं खाणं जपा.

आणि अजिबातच खर्च करायचा नसेल, नुसतं बघायचंय काय असतं ते, तर राइट फील्डच्या भिंतीमागच्या त्या पाण्याकडच्या रस्त्यावर जा. भिंतीत कमानी आहेत, जाळीतून आतलं मैदान दिसतं, फुकट. गर्दी असली तर तीन इनिंगनंतर मागच्यांना जागा द्यावी लागते, एप्रिलच्या मधल्या वारी सहसा तेवढी वेळ येत नाही. राइट फील्डरच्या पाठीमागे इतक्या जवळ उभं राहायला मिळतं की तो हातमोज्यात मूठ मारतो ते ऐकू येतं. रविवारी गर्दी जास्त असते, मुलांना घेऊन जायचं तर बुधवारची दुपारची मॅच शोधा आणि पहिला पिच पडायच्या अर्धा तास आधी पोचा, म्हणजे कमानीतली पुढची जागा मिळते.